करारात आहे त्याखेरीज

बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसलो,
टॅमरॅक काउंटीच्या अग्निशमन केंद्रात,
ती त्यांच्या पक्षाची, मी आमच्या;
कायद्यालाच तशी जोडी लागते.
थर्मास तिचा, पेस्ट्या माझ्या.
गाजर घातलेली तिला चालत नसे, सलगमच हवा,
आमच्यातला कडाक्याचा मतभेद तेवढाच.

आज ती समोर उभी आहे,
आयली कोस्केला, वय बासष्ट,
अंगात बहिणीच्या दफनाला घातलेला निळा कोट,
आणि न्यायाधीश कागदावरून विचारतात:
कोणी धमकी दिली का?
नाही.
(ऑक्टोबरात स्वयंपाकघराची काच फोडून दगड आला होता,
वर चिठ्ठी गुंडाळलेली. कुठल्या बाजूचा,
ते अजून ठरलेलं नाही; कारणं दोघांकडेही आहेत.)
कोणी आमिष दाखवलं का,
करारात आहे त्याखेरीज?
नाही.
गुन्हा कबूल करताय, तो केलात म्हणूनच ना?
इथे ती थांबली.
लघुलेखक बाईंची बोटं यंत्रावर नुसती टेकून राहिली.
थांबणं टिपायला त्या यंत्रात कळ नाही.
हो.

केलं काय, तर किल्ली दिली.
रात्री साडेदहाला तिघे आले,
एकाच्या काखेत लॅपटॉप, एकाच्या ओठांवर देव,
तिसरा ग्रेडन व्हॉस, त्याने नुसतं दार धरलं.
मतमोजणीचं यंत्र त्यांना आतून बघायचं होतं.
आयलीने कॉफी केली.
हे आरोपपत्रात आहे, सातव्या पानावर: कॉफी केली.

आता ती माफीची साक्षीदार.
पाच वर्षं आत जायची, त्याचे दीडशे तास झाले,
वाचनालयातली पुस्तकं पुसायचे,
शिवाय दंड, शिवाय स्वतःच्या हस्ताक्षरात एक पत्र.
पत्राचा पहिला खर्डा तिने मला फोनवर वाचून दाखवला,
रात्री एक वाजता, आधी हॅलोसुद्धा न म्हणता.
चार पानं. माणसांची नावं घेऊन लिहिलेलं:
टॉइवो, तुझं मत मी बरोबरच मोजलं होतं.
मिसेस लाफ्रनिएर, तुमचंही.
वकिलाने ते सगळं खोडलं. बरोबर मोजलं, असं लिहू नका,
बाकीच्यांचा खटला उभा राहायचाय.
उरलं एक वाक्य,
त्यात ‘कृत्य’ हा शब्द, आणि खाली सही.

एका वाहिनीवर ती गद्दार, दुसरीवर स्वस्तात सुटलेली.
व्हॉसचे चार वकील आहेत, त्याच्यासाठी वर्गणी जमते,
हेरिंग तळून तीनशे माणसं जेवली परवा.
चोर सोडून संन्याशाला सुळी, असं बेकरीत कोणी म्हणालं.
संन्याशीण नव्हे हो ती. किल्ली तिने दिली.
मला ती तुरुंगात जायला हवी होती
निदान एक आठवडा तरी, असं वाटायचं,
मग दगडाची बातमी आली, आणि मग काय वाटावं ते कळेना.

सीलचा नंबर जुळत नाही,
हे मी कळवलं होतं.
तिला ठाऊक आहे.
करारात ते कुठेच नाही.

ऑगस्टात पुन्हा मतदान. माझ्या शेजारी नवा मुलगा,
सारखा फोन उलटा-सुलटा करणारा.
आयली रांगेत आली, तोच निळा कोट, एवढ्या उकाड्यात.
नियम सर्वांना सारखा, म्हणून मी विचारलं:
नाव?
कोस्केला, आयली मारिया.
पत्ता?
तिने सांगितला, सावकाश,
मी त्या घरी कधी गेलेच नसल्यासारखा.
सही करा.
तिने केली, पत्राखालची असेल तशीच, वळणदार.
पडद्यामागे ती बराच वेळ होती.

थर्मास माझ्याकडेच राहून गेलाय दोन वर्षं.
टेबलाखाली होता.
ती बाहेर पडताना मी तो पायाने
थोडा पुढे सरकवला, दिसेल इतपत.
मुलगा म्हणाला, पुढचे.