शेऱ्याचा रकाना

लुंबिनीत मुक्काम दीड दिवसाचा,
आणि तयारी तीन महिन्यांची.
कापसाचा दुसरा वेचा चालू होता तेव्हापासून
विहाराच्या ओट्यावर, वंदना झाली की
आम्ही अकरा बाया नेपाळी शिकायला बसायचो.
मास्तर : जिनिंगच्या गेटवरचा बहादूर.
फी : रोज कपभर चहा, रविवारी सांबारवडी.

माझी वही म्हणजे अंगणवाडीचं जुनं रजिस्टर,
मागची पानं कोरी, पण रकाने छापलेले.
बालकाचे नाव, या खाली मी लिहिलं : पानी.
वजन, या खाली : पाणी.
शेरा : सोपं आहे.

भोक लाग्यो. भूक लागली.
मलाई. मला.
कति. किती.
गयाबाई ढोके म्हणाली, हे तं आपलंच हाय व,
सर्दी झाल्यावानी.

पहिल्या दिवशी शिकलो, तपाईंको नाम के हो?
तो म्हणाला, मानबीर रोका.
रोका! गेटवरच्या माणसाचं आडनाव रोका,
ओटा हसून हसून लोळला.
नाव कळलं सगळ्यांना.
हाक मात्र बहादूरच राहिली, माझीसुद्धा.

मोठ्या भावाला तिकडे दाइ म्हणतात.
गयाबाईनं तीस वर्षं गावाची बाळंतपणं केली,
गावात दाई ती एकटीच.
तेव्हापासून ती त्याला विचारते,
काहो दाई, आज किती सुटल्या?
तो टोपी खाली ओढून घेतो.

घाम म्हणजे ऊन, असं तो म्हणाला
तेव्हा मी पेन खाली ठेवलं.
जिनिंगच्या पत्र्याखाली बारा मे महिने काढलेला माणूस,
म्हटलं, याची गल्लत झाली असेल.
पण नाही. तिकडे खरंच
घाम अंगावर पडतो, अंगातून येत नाही.

मग एका संध्याकाळी लेक आला.
लेक म्हणजे उंच डोंगर, जिथं बर्फ टिकतो तेवढा उंच.
माह्यं घर लेकात हाय, तो म्हणाला, लेकबी तिथंच.
पुढे कोणी काही बोललं नाही.
जिनिंगचा भोंगा झाला, तो उठलाही नाही.
सव्वीस वर्षांची सवय, माझ्या हातानं आपोआप
रकाना भरायला घेतला.
बालकाचे नाव?
मनसरा.
वजन?
त्यानं दोन्ही तळहात वर केले, दूध तोलावं तसे,
एक थोडा खाली नेला, पुन्हा वर आणला.
थाहा छैन.
मी तसंच लिहिलं, वजनाच्या खाली, थाहा छैन.
शेरा कोरा ठेवला.

माघ पौर्णिमेला निघालो.
सीमेपलीकडे हॉटेलात मी घसा साफ करून विचारलं,
कोठा कति हो?
पोरगा म्हणाला, अम्मा, बुकिंग है ना आपकी?
चहावाला हिंदी, रिक्षावाला हिंदी,
केळीवाली तर आमच्याहून चांगली हिंदी.
तीन महिन्यांतलं एकच वाक्य कामी आलं,
मैले बुझिनँ. मला कळलं नाही.
तेही आमच्या नागपूरच्या टूरवाल्याला,
जेवणाचे जादा पैसे मागायला लागला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटी बाहेर आले.
एक बाई पानं झाडत होती.
लेक कता छ? मी विचारलं.
ती हसली नाही.
खराटा उचलून तिनं उत्तरेकडे धरला,
आणि बराच वेळ धरून ठेवला.
तिकडे धुकं होतं. झाडंसुद्धा दिसत नव्हती.

परत आल्यावर बसमधून उतरले ती जिनिंगजवळच.
तो गेटवर होता, स्टूल सोडून उभा राहिला.
सन्चै? मी विचारलं.
सन्चै, तो म्हणाला. मग मराठीत,
लेक दिसली काय?
दिसला म्हणायचं असेल त्याला.
पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा घोळ त्याचा नेहमीचाच,
आणि मी त्याला रोज टोकायची.

आज टोकलं नाही.
म्हटलं, धुकं होतं हो.