गुरुवार

गुरुवारी आमच्या जनता वसाहतीत पाणी नसतं.
धुणं नाही, रांग नाही, बाया मोकळ्या.
म्हणून दवाखाना गुरुवारी.
हे ठरवलं झुबेदाआपानं,
तिचाही नळ आमच्याच लाइनीवर.

बालवाडीची खोली. पाटीबिटी नाही,
भिंतीवर क कमळाचा,
आणि खुर्च्या इतक्या बुटक्या
की डॉक्टरचे गुडघे हनुवटीला लागतात.
ते बघून मला जरा धीर आला.

झोप येते का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, येते, पण आत येत नाही,
उंबऱ्यावरच बसून राहते रात्रभर.
त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

मधे दोन गुरुवार मी गेले नाही.
शुक्रवारी आपा पायऱ्या चढून वर आली, धापा टाकत,
पिशवीत मेथीच्या दोन जुड्या.
गोळ्यांचं काही विचारलं नाही.
म्हणाली, निवडू लाग गं, मला दिसत नाही नीट.
अर्धी जुडी होईस्तोवर
दोघींपैकी कुणी बोललं नाही.
मग मीच बोलले. खूप बोलले.

नणंद दारातून म्हणाली,
येरवड्यालाच टाका हिला एकदा.
आपानं मान वर न करता
दुसरी जुडी तिच्या पुढ्यात सरकवली.
ती तशीच पडून सुकली संध्याकाळपर्यंत.

बरी झालेय असं नाही म्हणणार.
पण बुधवारी रात्री पिंप भरताना
पाण्याचा आवाज वर वर चढत जातो
आणि आठवतं,
उद्या जायचंय.