ठसा उलटा येतो

औशात माझं फ्रेमचं दुकान. देव, सत्काराची पत्रं,
वारलेली माणसं, सगळ्यांना तीच तीन मिलीची काच.
सोजरबाई आल्या पुठ्ठ्याची नळी काखेत धरून,
लाटणं धरावं तशी.

फ्रान्सहून आलेली. ताकतोडे गुरुजींकडं राहून गेलेला तो लांबटांग्या,
तांब्याच्या पत्र्यावर सुईनं गाव ओरखडणारा,
गेला म्हणे; लेकीनं धाडली.
पत्ता जुन्या गावाचा. पोस्टमननं नव्यात आणून दिली.

उलगडली. चार कोपऱ्यांवर खिळ्यांचे चार डबे.
माळवदं, एकाला एक टेकून. काळ्या भिंती,
दगडन् दगड मोजून घ्यावा अशा.
साण्यातून निघालेला धूर
त्यानं कागद कोरा सोडूनच काढलेला.
खाली पेन्सिलीनं सही, आणि ७/३०.
मी तारीख समजलो. तिसावा महिना कुठला असतो?

एक गोष्ट मात्र त्यात नव्हती: वजन.
दरसाल पावसाआधी पांढरीच्या चार पाट्या,
आज्या-पणज्यापासून चढत गेलेला तो हातभर थर
समोरून बघणाऱ्याला दिसत नाही.
त्या पहाटे दिसला.

बाई बराच वेळ गप्प. मग,
"ह्ये आमचं गाव न्हाई. चिंच डाव्या अंगाला व्हती.
आन् पारापासून असं वळायचं. असं."
हात दोनदा हवेत वळला,
दोन्हीदा चित्राच्या विरुद्ध.

माझे आजोबा कल्हईवाले. तांब्याची आम्हाला ओळख.
भांड्यावर कोरलेलं नाव सुलटं वाचता येतं,
पण शाई भरून कागद दाबला की ते कूस बदलतं.
मी कागद उचलला, विकाऊ आरशापुढं धरला.

चिंच डावीकडं गेली.
सही उलटी झाली, तिसातली सातवीही.
गाव सुलटं.

सोजरबाईंनी चप्पल काढली.
दुकानात कुणी काढत नाही, फरशीवर काचेचा चुरा असतो.
बोट न लावता म्हणाल्या,
"ह्ये आमचं. ह्ये बळीरामाचं. ह्या दाराची कडी आतून लागायची न्हाई.
आन् ह्ये..."

"आरसापण देऊ का? समोरासमोर लावा. दीडशे कमी करतो."
दुकानदार आहे, तोंडातून गेलं.

"नगं. उलटंच ऱ्हाऊ दे, चांदपाशा.
सुलटं झालं की आत जावं वाटतंय."

सागवानी पट्टी निवडली, बारीक.
चप्पल घालताना विचारलं, काचेसकट वजन किती भरंल.
सव्वा किलो, म्हटलं.
बाजेच्या वर नगं मग, म्हणाल्या,
आपल्याशीच.