एकतीस फोन

आंबेगाव बुद्रुक. लाईट गेल्याची दुसरी रात्र.
मी टेम्पोतून जनरेटर उतरवला,
चेअरमन निंभोरकर म्हणाले, पार्किंगमध्येच ठेवा,
पावसाचा भरवसा नाही.

पार्किंगला तीन बाजूंनी भिंत आहे, साहेब,
आणि चौथ्या बाजूला तुम्ही पत्रा मारलाय.

गेटबाहेर पंचवीस पावलं मोजली,
माझी, म्हणजे लांब टांगांची.
धुराड्याचं तोंड ओढ्याकडे केलं.
चार बांबूंवर ताडपत्री, उंच, चारी बाजू उघड्या.
यंत्राला छत्री द्यावी, गोधडी देऊ नये.

पहिल्या मजल्यावरून बाई म्हणाल्या,
अहो, केवढा आवाज! आत घ्या ना जरा.
मी वर बघून हात जोडले.
आवाज परवडला, मावशी.
त्याच्यासोबत दुसरं जे निघतं
ते दार वाजवत नाही.

पिसाळांचा ओजस वायर घेऊन आला,
दोन्ही टोकांना पिना.
काका, ही घरच्या सॉकेटला लावली
की अख्खी बिल्डिंग उजळेल.
मी पक्कड काढली, वायरचे दोन तुकडे केले.
बाळा, ही वीज उलटी चालत जाते,
मीटरमधून बाहेर, खांबावर.
तिथे आत्ता महावितरणचा माणूस चढलाय,
तार मेलेली आहे असं धरून.
जा, त्याला चहा नेऊन दे.

मग बोर्ड मांडला, जाड वायरीचा, कोरड्या फळीवर.
एकतीस फोन आले,
प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी: १०४, ३०१, जोगळेकर (मोठे).
दोनशेतीनचा छोटा फ्रिज आला, इन्सुलिनचा.
इन्व्हर्टरची बॅटरी उघड्यावर, लांब,
तिच्या आसपास विडी ओढायची नाही, सांगून ठेवलं.
चारशेदोनकडून इस्त्री आली. उद्या इंटरव्ह्यू आहे म्हणे.
चुरगळलेला शर्ट घालून जा, म्हटलं,
इस्त्री लावली तर एकतीस जणांचा फोन मरेल.

अडीचला पेट्रोल संपत आलं.
पिना काढल्या, मशीन बंद केलं.
अंधार एकदम अंगावर बसला.
ओता ना काका, ओजस म्हणाला, कॅन इथेच आहे.
गार होऊ दे. वीस मिनिटं.

वीस मिनिटं फार असतात
जेव्हा विचारायला कोणी शेजारी बसलेलं असतं.
तुम्ही एवढे का घाबरता?

दिगंबर घोडके, माझा भागीदार.
मंगळवार पेठेत आमचा गाळा होता.
त्या रात्री असाच लाईटचा घोळ,
मशीन बाहेर ठेवलं तर चोर नेतील
म्हणून त्यानं शटर ओढलं, वीतभर फट ठेवून.
वीतभर पुरेल असं वाटलं त्याला.
मलाही वाटलं असतं, खरं सांगतो.
डोकं दुखतंय असं आठला फोनवर म्हणाला होता,
मी म्हणालो, चहा घे, झोप.

सकाळी मी शटर उचललं.
टाकी कोरडी. बल्ब विझलेला.
त्याचे गाल लहान मुलासारखे लाल,
आणि उशाशी त्याचा फोन
शंभर टक्के.

ओजस काही बोलला नाही.
मी सायलेन्सरजवळ तळहात नेला, दुरूनच.
नरसाळं लावलं, टॉर्च त्याच्याकडे दिला,
गळ्यापर्यंत भरायचं नाही, एवढंच बोललो.
दोरी तिसऱ्या झटक्याला लागली.

पाच वाजता पहिला गजर झाला.
मग सव्वापाचचा, साडेपाचचे तर सात,
मंदिराची घंटा, कोंबडा, कुठलंसं सिनेमाचं गाणं,
फळीवर एकतीस फोन थरथरत एकमेकांना ढकलत होते
आणि मालक वर गाढ झोपलेले.
ओजस हसत हसत एकेक बंद करत होता.

सव्वासहाला खांबावरचा माणूस खाली उतरला,
जिन्यात लाईट आली, लोक ओरडले.
मी आधी पिना काढल्या,
मशीन थोडं मोकळं पळू दिलं, मग बंद केलं.

निंभोरकरांनी भाड्यातून शंभर रुपये कापले, आवाजाचे.
मी उरलेले मोजून घेतले
आणि ताडपत्रीची गाठ सोडायला लागलो.