काटा थांबेपर्यंत

सत्तावीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद तोलतोय.
संध्याकाळी अंघोळ केली तरी
कानामागं पिवळं राहतंच.
पहिल्याच दिवशी थोरल्या तोलाऱ्यानं सांगितलेलं,
पोतं ठेवलं की हात मागं घे, भूपाल.
काटा हलतोय तोवर आकडा बोलायचा नाही.
आता काटा इलेक्ट्रॉनिक आलाय,
तरी आकडे घटकाभर नाचतातच.

श्रुतिका बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली
आणि मी तिच्या नकळत तलाठ्याचा फॉर्म भरला.
फोटो दहावीतला. सही मीच गिरवलेली.
नेट कॅफेतल्या पोरानं विचारलंसुद्धा,
"काका, ताईंना माहिताय का?"
म्हटलं, भर की गा.

हॉल तिकिटाचा मेसेज गेला तिच्याच मोबाईलवर.
दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी आमटी वाढता वाढता पद्मिनी म्हणाली,
"यार्डात असलं केलं असतं
तर लायसन गेलं असतं तुमचं."

मग विचारलं. आधीच विचारायचं होतं ते.
"तुला नक्की करायचंय काय?"
म्हणाली, हळदीतला रंग मोजायचाय.
मला हसू आलं. रंग काय मोजतात? रंग बघतात.
तिनं वहीचं पान फाडलं,
षटकोन काढला, त्याला लांब शेपूट,
शेपटाच्या टोकाला परत षटकोन.
"हे बघा पप्पा, हे असतं तुमच्या कानामागं."

ओ की ठो कळलं नाही.
पण पान घडी करून पाकिटात ठेवलं,
रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी.

मला कोण ओळखतं? हमाल, अडते, टेम्पोवाले.
तेवढ्यांनाच विचारत सुटलो,
तुमची हळद तपासायला कुठं जाते हो?
कुणी म्हणालं मुंबई, कुणी कोचीन.
एका निर्यातवाल्याच्या दिवाणजीनं मात्र
कुपवाड एमआयडीसीतल्या लॅबचा नंबर
पावतीच्या मागं लिहून दिला.
मी तो तिला दिला. फोन लावून दिला नाही.
चार दिवस पावती फ्रिजवर, मॅग्नेटखाली.
चार दिवस मी पाणी प्यायला गेलो
आणि गप्प परत आलो.

पाचव्या दिवशी नुसता मॅग्नेट.

मुलाखतीची तालीम स्वयंपाकघरात झाली.
मी साहेब. पाटावर बसलेला.
"तुमच्यातला एक दोष सांगा," यादीतून वाचलं.
"पटकन रडू येतं."
पद्मिनी कढईवरून वळली, "हे सांगायचं नाही."
"मग खोटं सांगू?"
यावर साहेबाकडं उत्तर नव्हतं.

रविवारी बाळगोंडा मामा येऊन बोलून गेला,
दोन महिने बिनपगारी? वेठबिगारीच की ही.
त्यापेक्षा स्थळं बघा.
पद्मिनीनं त्याला भडंग दिलं, वर कांदा जास्तीचा,
चहा दिला, आणि म्हणाली,
"जूनपर्यंत ती लॅबमधे आहे, दादा.
पुढचं तिलाच विचार."
मामानं तिला विचारलं नाही. भडंग संपवलं.

पहिल्या दिवशी स्कूटरवर मीच सोडलं.
गेटच्या बरंच अलीकडं थांबवा म्हणाली.
थांबवली. वळून न बघता गेली.
मी चहाच्या गाड्याआड अर्धा तास उभा.
हेही बहुतेक पारड्याला बोट लावणंच झालं,
पण तेवढं माफ असावं.

पंधरा दिवसांनी बाहीवर पिवळा डाग घेऊन आली.
जेवताना म्हणाली,
"पप्पा, हे मला आवडेल की नाही
अजून कळत नाहीये."

मग तलाठी, हा शब्द
अगदी दातापर्यंत आला होता.
भाकरीचा तुकडा मोडला, मिठाला लावला,
म्हटलं, बरं.
हलू दे अजून.