दीड इंच

हैदराबाद रोडला, वजनकाट्याच्या पुढं,
मैनुद्दीन मिस्त्री गाडीखाली पाठीवर निजून
बोटानं पाटे मोजत होता,
वैद्यानं बरगड्या चाचपाव्यात तसा.
"अकरा. त्यातले दोन मेलेत.
कमान बसली तुझी. गाडी रबरावर आदळत चाललीय."

मी म्हटलो, मग उचला की.
चार इंच उचला.
एमआयडीसीतल्या पोरांच्या गाड्या बघा,
कशा उभ्या असतात, छाती काढून.

तो सरपटत बाहेर आला,
चिंधीला हात पुसले, बराच वेळ पुसले.
"उंची पाहिजे का आराम?"
मला तोवर वाटायचं
दोन्ही एकच असतं.

ठोकळा घातला तर गाडी वर जाते, चाल तीच राहते.
जाड पाटा वाढवला तर भरली असताना ठीक,
रिकामी झाली की उडते चण्यासारखी.
शॅकल लांब लावलं तर नळदुर्गच्या उतारावर
डुलेल, तेव्हा मला फोन करू नको.
"आधी सांग, बसणार कोण?
टॉवेलाचं काय, टॉवेल कसाही जातो."

बसणार नरसम्मा.
चौतीस वर्षं कुंभारीत दाराशी बसून
मांडीवर सूप, रोजच्या हजार विड्या.
माझ्या गाडीत एकदाच बसली होती, उमरग्यापर्यंत,
उतरल्यावर कंबर धरून म्हणाली,
"तुमी ह्याच्यावर संसार केलात?"
आता कारखान्यात कार्ड जमा केलंय,
मणका सरकलाय,
आणि बहिणीकडं झहिराबादला जायचंय.
एस्टीनं जाणार नाही म्हणते.
का, ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी तिलाच घेऊन गेलो.
तिनं टायर बघितला नाही, कमान बघितली नाही.
पायरी बघितली.
"चार इंच अजून वर? मग चढायचं कसं?"

मिस्त्री माझ्याकडं, मी मिस्त्रीकडं.
रस्त्याचा हिशोब झाला होता,
गुडघ्याचा राहिला होता.

"दीड," मिस्त्री म्हणाला.
"पाटे पातळ, कमान नवी, बुश सगळे नवे, शॉकअप मऊ."
मी म्हटलो, दीड इंचानं काय होतंय?
तर ही म्हणाली,
"माझ्याकडं सूतभर चुकलं तरी छाट निघायची."
मिस्त्रीनं तिच्याकडं नीट बघितलं,
पहिल्यांदाच कुणी
त्याच्या मापात बोललं होतं.

ट्रायलला अक्कलकोट रोड.
गाडी रिकामी, आणि काय सांगू,
पहिल्याच गतिरोधकाला तिचा डबा उडाला,
शेंगाचटणी काचेवर.
नरसम्मा काही बोलली नाही.
तिचं न बोलणं मला फार वर्षांपासून येतं.

मिस्त्री हसला. "मोकळी गाडी टोचतेच.
थोडं वजन टाका तिच्यावर."
शेजारच्या गोदामातून सुताचे सहा गठ्ठे उधार घेतले,
मागं रचले, दोरी आवळली.

मग तिनं पिशवीतून सूप काढलं.
कार्ड गेलं, सूप गेलं नव्हतं.
चार पानं, चिमूटभर जर्दा, दोऱ्याची रीळ.
"चालवा," म्हणाली, "आणि मला बघू नका, रस्ता बघा."

पहिली विडी सुटली, पुलाच्या जोडावर.
दुसरी वाकडी झाली.
खडीच्या ट्रकनं हूल दिली तिथं मी ब्रेक मारला
आणि घाबरून तिच्याकडं बघितलं,
तर दोऱ्याचा शेवटचा वेढा
नखानं दाबून बसवूलालती,
जीभ दाताखाली, घरच्यासारखी.

तिसरी विडी मिस्त्रीला दिली.
तो पीत नाही. कानावर ठेवली,
आणि बिलात शंभर कमी केले,
का, ते त्यानंही सांगितलं नाही.

निघताना तिची नजर कोपऱ्यात गेली.
"ते दोन मेलेले पाटे आमचेच की?
एक द्या. बहिणीला विळी करून घेते,
तिकडच्या लोहाराकडनं."
"जड आहे, बाई. सात-आठ किलो."

"असू दे," ती पायरीवर पाय ठेवत म्हणाली,
"वजन लागतंय म्हणालात की."