हार

गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा, एलीनं विचारलं.
काही दिवस, मी म्हटलं.
तिनं चौकटीत खूण केली.
कागद उलटा होता, तरी मी वाचलं: सौम्य.
स्थळ सांगून यायचं तेव्हा म्हणत तसं,
मुलगा सौम्य आहे, पगार बरा आहे.

मग कानांत बोळे, अंगठी काढून वाटीत,
तोंडावर जाळी, आणि आत सरकवलं.
'कसलाही विचार करू नका. नुसतं पडून राहा.'
एकाहत्तर वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी पलंग द्यायचा असलेल्या सुतारागत
यंत्र ठोकू लागलं.
मी विचार करत नव्हते
मोरागच्या कचऱ्याच्या डब्याचा,
चार दिवस कणीक मळली नाही त्याचा,
सांगलीच्या अक्काचा. भांडण नाही हो,
फोन करायचा राहतो, एवढंच.

नंतर पडद्यावर रंगीत दोरे.
हे तुमचं नाही, नमुन्याचं चित्र, एली म्हणाली.
काही जणांत हा भाग त्या भागाशी
जरा कमी बोलतो.
'रुसलेत?'
ती हसली. तुमचं कळायला वर्ष लागेल,
आणि तुम्हाला कळवणार नाही.

डंडीहून परतताना टे नदीवर समुद्राचं धुकं.
इथे त्याला हार म्हणतात.
पस्तीस वर्षं झाली, अजून
आधी पराभव ऐकू येतो, मग फुलं.
पुलाचा मधला भाग दिसत नव्हता.
ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही.

न्यूपोर्टला उतरल्यावर बोटाकडे लक्ष गेलं.
अंगठी वाटीतच.